भुताले दम लागते काय?

माझ्या वर्गात शब्दाचा अर्थ विचारायला बंदी आहे. अकोल्यातल्या ज्या ज्युनिअर कॉलेजात मी इंग्रजी शिकवते, तिथली मुलं यावरून माझ्यावर खार खाऊन असतात. धड्यात अनोळखी शब्द आला की त्यांचा हात खिशातल्या मोबाइलकडे जातो आणि माझा हात त्या मोबाइलकडे. "मॅम, मीनिंग तरी सांगा ना!" अशी विनवणी होते. मी सांगत नाही. आधीचं वाक्य वाच, नंतरचं वाच, कोण बोलतंय, कुठं उभं आहे, आत्ताच काय घडलं ते बघ, आणि मग तूच मला सांग, असं म्हणते. कधी कधी एका शब्दावर अर्धा तास जातो. पोर्शन मागे पडतो आणि प्राचार्य बोलावून घेतात. मी भांडकुदळ म्हणून प्रसिद्ध असल्यामुळे ते फार ताणत नाहीत.

बी.एड.च्या पुस्तकात या पद्धतीला भारदस्त नाव आहे आणि दोन मार्कांची व्याख्याही आहे. मी ती पाठ करून परीक्षेत लिहिली. पण पद्धत मी शिकले ती दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या अंगणवाडीत, खिचडीचं पातेलं घासणाऱ्या बाईकडून. ती बाई माझी आई.

आई सोळा वर्षं अंगणवाडीत मदतनीस होती. सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन झाडून काढायचं, पाणी भरायचं, घरोघरी फिरून लेकरं गोळा करायची, खिचडी शिजवायची, वाढायची, भांडी घासायची आणि मधल्या वेळात ज्या लेकराचं जे काही होईल ते धुवायचं, हे मदतनिसाचं काम. गाणी शिकवायची, वजनं घ्यायची, रजिस्टर भरायचं आणि खुर्चीवर बसायचं, हे सेविकाबाईंचं काम. आमच्या सेविकाबाई स्वभावाने चांगल्या होत्या, पण खोलीत खुर्ची एकच होती.

मी कॉलेजात असताना सेविकाबाईंची निवृत्ती जवळ आली. मदतनीस बारावी पास असेल तर तिलाच सेविका करतील आणि नसेल तर गावातून अर्ज मागवतील, असं ऑफिसातून सांगण्यात आलं. आई दहावी पास होती, तीही लग्नाआधीची. गावातली एक विशीतली पोरगी अर्ज घेऊन तयारच बसली होती. हीच पोरगी चार वर्षांची असताना आईच्या कडेवर बसून अंगणवाडीत यायची. आई म्हणाली, "जिचं नाक मी पदरानं पुसलं, ते मले आता म्हणंन का बाई, पाणी आन. मी नाही आनत." आणि तिने सतरा नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे कॉलेजात न जाता बाहेरून बारावीला बसण्याचा. बाबा दर्यापूरला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. त्यांना तिने फॉर्म भरल्यावर सांगितलं. बाबांनी एकच प्रश्न विचारला, "अन् इंग्रजीचं काय करशीन?" आईने माझ्याकडे बोट दाखवलं.

मी तेव्हा अमरावतीला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, इंग्रजी वाङ्मय घेऊन. राजापेठेत एका ट्यूशन क्लासच्या वरच्या मजल्यांवर मुलींचं खासगी हॉस्टेल होतं, तिथं राहत होते. आणि इथं मला एक गोष्ट कबूल करायला हवी. हॉस्टेलवर आल्याच्या पहिल्याच आठवड्यात माझ्या रूममेटने विचारलं होतं, "तुझी आई काय करते गं?" ही अकोल्याच्या एका वकिलांची मुलगी, बोलायला गोड आणि मनाने साफ. मी म्हणाले, "अंगणवाडीत आहे." तिने विचारलं, "टीचर?" मी म्हणाले, "हो."

एवढंच. एक 'हो'. कष्टाच्या कामाची लाज धरू नये, हे मी दर पौर्णिमेला विहारात मांडी घालून ऐकत मोठी झाले होते. आमच्या घरात कोणालाच कशाची लाज वाटत नसे. ती फक्त मलाच वाटली, आणि तीही दुसरीने काही हिणवलेलं नसताना. पुढे त्या एका 'हो'ला जपायला आणखी दहा खोट्या गोष्टी बोलाव्या लागल्या. माझी आई मुलांना गाणी शिकवते, तिच्या हाताखाली एक मदतनीस आहे, वगैरे. आई खरोखरच सेविका झाली की माझं हे सगळं आपोआप खरं होणार होतं. म्हणून मी तिला शिकवायला जीव तोडून बसले. मायेने बसले हे खरं, पण त्यात हा स्वार्थही होता.

दर शनिवारी मी अमरावतीहून दर्यापूरची बस धरायची आणि तिथून जीपमध्ये दाटीवाटीने गावात. लेकरं घरी गेली की दुपारी अंगणवाडीतच आमची शिकवणी भरे. मी सोबत जाडजूड शब्दकोश न्यायची. वीस शब्द, वीस अर्थ, शनिवारी पाठ करायचे आणि रविवारी परीक्षा. रविवारी आईला बारा आठवत. पुढच्या शनिवारी त्यातले तीन उरत. एकदा मी ओरडलेच, "आई, तुझं डोकं असतं तरी कुठं?"

"खिचडीत," आई म्हणाली. "पोटभर शब्द देऊन राहिली तू मले. पचत नाही."

परीक्षेत न वाचलेला एक उतारा येतो आणि त्यातल्या शब्दांचे अर्थ विचारतात. त्याची मला धास्ती होती. आमच्या बी.ए.च्या पुस्तकात एक जुनी भयकथा होती, शंभरेक वर्षांपूर्वीच्या जडजंबाल इंग्रजीत. ही कथा पचली की बारावीचा उतारा म्हणजे किस झाड की पत्ती, असा माझा विचार. ती कथा मी स्वतः तीन वेळा वाचली होती. शब्दकोश उघडून प्रत्येक ओळीवर पेन्सिलीने अर्थ लिहिले होते, इतके की खालची छापील ओळ शोधावी लागे.

कथा अशी. माळरानावर एक मोठं जुनं घर आहे. तिथला मालक एकटा राहतो, सोबत एक नोकर. मालक आजारी पडतो म्हणून एक तरुण डॉक्टर मुक्कामाला येतो. वरच्या मजल्यावर कोणी राहत नाही, असं मालक सांगतो, पण वरून पावलं वाजतात. भिंतीवर मालकाच्या आईचं मोठं चित्र आहे, रेशमी कपड्यातलं. ती फार मोठ्या घराण्यातली होती आणि पूर्वीच वारली, असं तो सांगतो. डॉक्टरला वाटतं, तिचंच भूत वर फिरतंय.

भुताची गोष्ट वाचायला आमच्या अंगणवाडीइतकी वाईट जागा दुसरी नसेल. दारातून रखरखीत ऊन आत आलेलं. भिंतीवर पिवळा आंबा, हसणारा ससा आणि 'हात धुवा' असं लिहिलेलं. मी शब्दकोश उघडला तसा आईने तो माझ्या मांडीवरून उचलला आणि तांदळाच्या कोठीवर ठेवून दिला.

"तू आता अर्थ सांगू नको," ती म्हणाली. "बाकीचं मराठीत सांग अन् अवघड शब्द तसाच ठेव. माहं मी पाहतो."

"असं कसं पाहशील?"

"मागं मेळघाटातली एक बाई कामाले आलती, तिची पोरगी आपल्या इथं येत होती. कोरकू बोले ते. मले एक शब्द समजे नाही. पण काय म्हणून राहिली, ते समजे."

"कसं समजे?"

"ते कोणाकडं पाहून राहिली, हात कुठं हाय, आत्ताच काय झालं. तिच्या शब्दाकडं नाही पाहाचं. शब्दाच्या आजूबाजूले पाहाचं."

मी नाक मुरडलं आणि वाचायला घेतलं. डॉक्टर जिन्याखाली उभा आहे आणि वर पावलं वाजताहेत. त्या पावलांना लेखकाने 'फीबल' म्हटलं होतं. मी तो शब्द तसाच ठेवला आणि पुढचं सांगितलं. चार पावलं वाजतात, मग थांबतात, मग पुन्हा चार वाजतात.

"थकेल," आई लगेच म्हणाली. "अशक्त. असंच ना?"

"हो. पण ते भूत आहे, आई."

"भुताले दम लागते काय?" आई म्हणाली. "चार पावलं चालून जे थांबते, ते माणूस हाय. अन् म्हातारं हाय. डॉक्टर असून एवढंबी समजत नाही काय त्याले?"

मी तीन वेळा वाचून, सगळे अर्थ लिहून, त्या पावलांतला दम मला ऐकू आला नव्हता. मला अर्थ माहीत होता, 'अशक्त', आणि तो मी वर लिहूनही ठेवला होता. पण कोण अशक्त आहे हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. त्या दुपारी मला थोडा राग आला, हे सांगून टाकते.

पुढच्या पानावर नोकर एका वाडग्यात काहीतरी घेऊन वर जातो. तो शब्दही मी तसाच ठेवला. फक्त एवढं सांगितलं, की त्यातून वाफ निघतेय आणि सोबत चमचा आहे. "पेज," आई म्हणाली. "दात नसतीन तिले." मग मालक स्वतः वर जातो, आणि जाण्याआधी जिन्याखाली बूट काढून ठेवतो. हे ऐकल्यावर आई मांडी बदलून सरसावून बसली.

"याची मायच हाय ते. मेली नाही."

कथेचा शेवट खरोखर तोच होता आणि आम्ही अजून निम्म्यावरही आलो नव्हतो. "कशावरून?" मी विचारलं.

"त्यानं जोडे काढले ना. जोडे काढून माणूस कोणाकडं जाते? मायकडंच जाईन."

मी हसून लोटपोट झाले. तिकडे घरात कोणी बूट काढत नाहीत, आणि हा काढतो तो डॉक्टरला चाहूल लागू नये म्हणून, असं मी तिला समजावलं. आईला ते पटलं नाही. खूण चुकीची आणि उत्तर बरोबर, असा तो प्रकार होता. आजही मला त्याचं काय करावं कळत नाही. मी तिला पूर्ण मार्क दिले.

शेवटचं पान आम्ही पुढच्या शनिवारी वाचलं. ती म्हातारी त्याच घरात एकेकाळी कपडे धुवायला होती. पोरगा शिकला, पैसेवाला झाला आणि त्याने तेच घर विकत घेतलं. मग लोकांना सांगितलं, की आई मोठ्या घरची होती आणि वारली. भिंतीवरचं चित्र कुणा दुसऱ्याच बाईचं. या सगळ्याच्या शेवटी एक छोटं वाक्य होतं. त्यातला एक शब्द मी ठरल्याप्रमाणे तसाच ठेवला. 'तो तिच्याबद्दल अशेम्ड होता.'

आईने त्या ओळीवर बोट ठेवलं. "लाज वाटे त्याले तिची," ती म्हणाली.

मी मान हलवली.

"मंग तिले माहीत होतं काय, पोरगा आपल्याले लपवून राहिला म्हणून?"

"ते गोष्टीत लिहिलेलं नाही."

"माहीत असंन," आई म्हणाली, आणि पातेलं उचलून हापशीवर गेली. मी पुस्तक मिटून बसून राहिले. इतके दिवस मला ती भुताची गोष्ट वाटत होती.

थंडीत, हरभऱ्याला घाटे आले तेव्हा, रूममेटने हट्टच धरला. घाटे भाजून खायला तुझ्या गावाला यायचंच. मी पुष्कळ फाटे फोडून पाहिले, पण चाललं नाही. तिला थेट शेतात न्यायचं आणि तिथूनच परत पाठवायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. पण जीपमधून उतरल्याबरोबर ती म्हणाली, "आधी काकूंची शाळा बघू." नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत ती अंगणवाडीच्या दारात पोचलीसुद्धा.

त्या दिवशी सेविकाबाई मीटिंगला दर्यापूरला गेल्या होत्या. आई एकटीच होती, पदर खोचून, हातात झारा घेऊन, भोवती पंचवीस लेकरं. रूममेटने वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "काकू, एवढ्या सगळ्यांना एकट्या कशा सांभाळता? आज तुमच्या मदतनीस नाही आल्या का?"

आईने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटतं एक सेकंदही लागला नसेल. माझ्या तोंडाकडे पाहून तिने दीड वर्षाचं सगळं वाचून घेतलं.

"नाही ना बाई," ती रूममेटला म्हणाली. "आज सुट्टीवर हाय ते."

मग आईने झारा खाली ठेवला, पदर सोडून नीट केला आणि खुर्चीवर जाऊन बसली. सोळा वर्षांत तिला त्या खुर्चीवर बसलेलं मी पाहिलं नव्हतं. तिने रजिस्टर उघडलं, पेन हातात घेतलं, आणि मला म्हणाली, "जाय वं, खिचडी वाढ लेकरांले. आज मदतनीस नाही आपल्याकडं."

मी खिचडी वाढली. तोंडं पुसली. एका पठ्ठ्याने चड्डीतच केलं, ते धुतलं. रूममेट मदतीला उठली तर आईने तिला बसवलं, "तुमी पाहुण्या. ते करन सारं." शेवटी पातेलं उरलं. आई म्हणाली, "तेबी घासून घे, तोवर मी यांले घाटे खायाले नेतो." त्या दोघी शेजाऱ्यांच्या शेतात गेल्या आणि मी हापशीवर बसून राखेने पातेलं घासलं. करपलेली खिचडी निघता निघत नव्हती आणि माझं रडू थांबत नव्हतं. संध्याकाळी दोघी तोंडं काळी करून हसत परत आल्या.

आई मला रागावेल म्हणून मी वाट पाहिली. त्या शनिवारी, रविवारी, पुढच्या आठवड्यात. ती एक अक्षर बोलली नाही. पुढच्या शनिवारी तिने फक्त विचारलं, "काढ वं, कोणता उतारा हाय आज?" ती रागावली असती तर मला सुटल्यासारखं वाटलं असतं. पण विषय काढायची हिंमत मलाही झाली नाही.

परीक्षेला दर्यापूरचं सेंटर आलं. आई पहिल्या दिवशी वर्गात शिरली तर सगळ्या पोरी उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, सुपरवायझर मॅडम आल्या. ती इंग्रजीचा पेपर देऊन बाहेर आल्यावर मी विचारलं, "उतारा कशावर होता?" ती म्हणाली, "कासवावर. समुद्रातल्या. मी ना समुद्र पाहिला ना ते कासव. पण ते अंडे घालाले कायले एवढ्या दूर जाते, ते समजलं मले. बाकीचं त्याच्या आजूबाजूनं काढलं."

निकाल लागला तेव्हा मी हॉस्टेलवर होते. दुपारी एक वाजता साइट सुरू झाली आणि लगेच अडकली. अर्ध्या तासाने आईचा नंबर उघडला. पास. इंग्रजीत एक्केचाळीस. मी कॉटवरून किंचाळत उडी मारली. रूममेट अभ्यास करत होती, ती दचकून म्हणाली, "काय झालं गं?"

आता हिला सांगणार काय? दोन वर्षांपासून जी टीचर आहे ती बाई आता बारावी पास कशी होईल? मी म्हणाले, "काही नाही," आणि बाहेर गॅलरीत गेले. खाली राजापेठेतल्या गाड्यांचा नुसता कलकलाट. माझ्या आईने सोळा वर्षं भांडी घासून, चाळिशी उलटल्यावर, बारावी काढली होती, आणि हे मला या अख्ख्या शहरात कोणालाही सांगता येत नव्हतं. पुढे पावसाळ्यात तिला सेविकेचा आदेश मिळाला. तेव्हा माझं खोटं कायमचं झाकलं गेलं असतं. आणखी महिना-दीड महिना गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण त्या दुपारी मला माझीच इतकी किळस आली, की मी आत जाऊन उभ्याउभ्याच बोलून टाकलं.

"माझी आई बारावी पास झाली. आत्ता. ती टीचर नाही, मदतनीस आहे. मी खोटं बोलले होते तुझ्याशी."

रूममेटने पुस्तक मिटलं. "माहीत आहे मला," ती म्हणाली. "शेतात काकूंनीच सांगितलं होतं."

"काय सांगितलं?"

तिने ते आईच्या बोलीत सांगायचा प्रयत्न केला, अकोल्याची असल्यामुळे तिला ते जमलंही. "काकू म्हणाल्या, 'मी मदतनीस आहो बाई. ते खुर्ची माही नाही. तुमच्याजवळ खोटं बोलवत नाही मले. पण मी सांगतलं, हे पोरीले कळू देऊ नका. तिले आधीच लाज वाटून राहिली, अजून कायले वाढवाची? ते सोताच सांगन तुमाले एक दिवस. थोडा टाइम लागते तिले. तोवर तुमाले माहीत नाही, असंच राहू द्या.'"

म्हणजे जानेवारीपासून दोघी थांबल्या होत्या. मी कॉटवर बसून मोठ्याने रडले, लहान पोरीसारखी, नाक वाहेपर्यंत. रूममेटने मला रडू दिलं आणि ती खाली जाऊन पेढ्यांचा बॉक्स घेऊन आली. मग माझा हात धरून तिने मला बाहेर ओढलं. पहिल्या दारावर टकटक केली आणि दार उघडणाऱ्या मुलीला सांगितलं, "घे पेढा. हिची आई अंगणवाडीत मदतनीस आहे. ती बारावी पास झाली." दुसऱ्या दारातही तेच म्हणाली. मी तिच्या मागे उभी होते. तिसऱ्या दाराशी बॉक्स मी हातात घेतला आणि ते मी स्वतः सांगितलं.